घरच्या बारसाठी ग्लास निवडताना: आधी माप, मग आकार

नाशिकमध्ये पाहुण्यांसमोर वाइनची बाटली उघडणे आता नवलाईचे राहिलेले नाही. १९९९ साली गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या वाइन कंपनीची सुरुवात झाली, पुढे दिंडोरीपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या, आणि वाइनचा ग्लास दांडीला धरावा, तो काठोकाठ भरू नये, एवढी जाण इथल्या पुष्कळ घरांत आपोआप रुजली. कॉकटेलच्या ग्लासांच्या बाबतीत मात्र अजून तसे झालेले नाही. शेकर येतो, पेग मोजायचे माप येते, चांगली जिन येते, आणि ग्लास मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घेतले जातात.

मीही पहिली खरेदी अशीच केली होती. शंकूच्या आकाराचे, उंच दांडीचे, ३०० मिलिलिटरचे सहा मार्टिनी ग्लास मी हौसेने आणले. पहिल्याच बैठकीत लक्षात आले की मापाने केलेले पेय त्यात ओतले की ग्लास अपुरा भरल्यासारखा दिसतो. पाहुण्यांना कमी दिल्यासारखे वाटू नये म्हणून मी प्रत्येकाला वाढवून ओतले, आणि ते संपेपर्यंत निम्मे पेय कोमट झाले. त्या अनुभवानंतर मी एक नियम पाळत आलो आहे: आपण घरी नेमके काय पितो आणि ते किती मिलिलिटर होते हे आधी मोजावे, आणि मगच ग्लासाच्या आकाराकडे वळावे.

पेय किती होते, ते आधी मोजा

आपल्याकडे लहान पेग ३० मिलिलिटरचा आणि मोठा ६० मिलिलिटरचा, हे सर्वांना माहीत असते. बर्फाशिवाय दिल्या जाणाऱ्या कॉकटेलचा हिशेब तिथूनच सुरू करता येतो. ६० मिलिलिटर जिन आणि ३० मिलिलिटर व्हर्मूथ, म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन, घेऊन ते बर्फावर अर्धा मिनिट ढवळले, तर बर्फ वितळून त्यात साधारण पाव भाग पाणी मिसळते आणि गाळलेले पेय ११० मिलिलिटरच्या आसपास भरते. डायकिरीसारखे शेकरमध्ये हलवलेले पेय घेतले, तर ६० मिलिलिटर रम, २५ मिलिलिटर लिंबाचा रस आणि २० मिलिलिटर साखरेचा पाक मिळून १०५ मिलिलिटर होतात. जोरात हलवल्यामुळे बर्फाचे पाणी अधिक उतरते आणि पेय १४० मिलिलिटरच्या जवळ जाते. म्हणजे बर्फाविना दिल्या जाणाऱ्या कोणत्याही पेयाला काठापर्यंत १५० ते १८० मिलिलिटर मावणारा ग्लास पुरतो. बाजारात सहज मिळणारे पुष्कळ मार्टिनी ग्लास याहून बरेच मोठे असतात, आणि चूक तिथेच होते.

शंकूच्या आकाराचा ग्लास ही चूक आणखी वाढवतो, ती कशी हे थोडे सविस्तर सांगतो. शंकूत वर जावे तशी जागा झपाट्याने वाढत जाते. ३०० मिलिलिटरच्या आणि ८ सेंटिमीटर खोल शंकूत १०० मिलिलिटर पेय ओतले, तर ते साडेपाच सेंटिमीटरपर्यंत चढते आणि काठाखाली जेमतेम अडीच सेंटिमीटर रिकामे राहतात. डोळ्यांना ती उणीव किरकोळ वाटते; पण त्या अडीच सेंटिमीटरमध्ये आधी ओतलेल्या पेयाच्या दुप्पट, म्हणजे २०० मिलिलिटर जागा असते. ती भरून काढायला गेलेला यजमान पाहुण्याच्या हाती एकाऐवजी तीन पेये ठेवतो, आणि ते त्या दोघांच्याही लक्षात येत नाही. खात्री करून घ्यायची असेल, तर असा ग्लास घरात असल्यास मापाने पाणी ओतून पाहावे.

बर्फाविना दिल्या जाणाऱ्या पेयांसाठी

या कामाला दोन आकार चांगले आहेत. पहिला कूप, म्हणजे दांडीवर बसवलेली उथळ, गोल वाटी. दुसरा निक अँड नोरा, ज्याचे नाव १९३४ च्या एका हॉलिवूड चित्रपटातील दांपत्यावरून आले आहे. त्याची वाटी अरुंद आणि खोल असून काठ किंचित आत वळलेला असतो. मार्टिनी, मॅनहॅटन यांसारखी ढवळून केलेली पेये निक अँड नोरामध्ये अधिक वेळ थंड राहतात, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग लहान असतो, आणि ट्रेमधून नेताना ती हिंदकळत नाहीत. अंड्याच्या पांढऱ्याचा किंवा काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा फेस असलेली पेये मात्र कूपमध्येच शोभतात. तो फेस पसरायला रुंद तोंड लागते.

दोन्ही घेण्याइतकी जागा नसेल, तर मी १८० मिलिलिटरचा कूप घ्या असे सांगेन, पण त्याची वाटी नीट पाहूनच. काही कूप बशीसारखे पसरट असतात. त्यांचा काठ बाहेर झुकलेला असतो आणि पहिल्याच घोटाला पेय ओठांच्या दोन्ही बाजूंनी ओघळते. ज्याची भिंत काठापाशी सरळ उभी राहते, तोच घ्यावा. दुकानात ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून बाजूने पाहिला की हा फरक लगेच कळतो. दांडी तीन बोटांत नीट मावेल एवढी तरी लांब हवी, म्हणजे हाताची ऊब वाटीपर्यंत पोहोचत नाही.

बर्फासह दिल्या जाणाऱ्या पेयांसाठी

बुटका, रुंद, जड बुडाचा ग्लास पुष्कळ मराठी घरांत आधीपासूनच असतो. आपण त्याला सरळ व्हिस्कीचा ग्लास म्हणतो. ओल्ड फॅशन्ड, नेग्रोनी किंवा लिंबाचा रस घातलेली व्हिस्की सावर यासाठी तोच लागतो. तेव्हा नवा घेण्यापूर्वी घरातला काढून दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट तोंडाची रुंदी. अलीकडे सिलिकॉनच्या साच्यात मोठा चौकोनी बर्फ करण्याची पद्धत घरोघरी आली आहे, आणि ती चांगली आहे, कारण एकच मोठा खडा सावकाश वितळतो. पण ५ सेंटिमीटरच्या चौकोनी खड्याचा कर्ण ७ सेंटिमीटरहून किंचित जास्त भरतो. ग्लासाचे तोंड आतून ७ सेंटिमीटर असेल, तर तो खडा तिरका अडकतो आणि खाली बसत नाही. म्हणून आतील व्यास साडेसात ते आठ सेंटिमीटर असावा आणि ग्लास बुडाकडे फार निमुळता होत नसावा. खरेदीला निघताना खिशात मोजपट्टी ठेवली, तर दुकानदाराला काहीही वाटत नाही. साचा मात्र आधी घ्यावा आणि ग्लास नंतर.

दुसरी गोष्ट बूड. पुदिना, साखरेची वडी किंवा लिंबाच्या फोडी ग्लासातच चेचायच्या असतील, तर बूड जाड आणि आतून सपाट हवे. माझ्या हातून एक पातळ ग्लास लाकडी दांडक्याने चेचताना बुडापाशी तडकला होता, आणि ती बारीक चीर पेय झिरपू लागेपर्यंत दिसली नव्हती. त्या दिवसापासून मी चेचण्याचे काम शेकरमध्येच करतो, आणि इतरांनाही तेच सुचवतो. तरीही जाड बुडाचा ग्लास हातात स्थिर राहतो, हा फायदा उरतोच. मापाने २८० ते ३२० मिलिलिटरचा ग्लास सर्व कामांना चालतो.

उंच, सरळ ग्लासाला हायबॉल म्हणतात. त्याहून थोडा उंच आणि सडपातळ असतो तो कॉलिन्स. घरासाठी या दोहोंत भेद करण्याची गरज नाही. जिन आणि टॉनिक, रम आणि कोला, मोहितो, व्हिस्की आणि सोडा हे सर्व ३०० ते ३५० मिलिलिटरच्या एकाच ग्लासात होते. ३५० मिलिलिटरचा ग्लास बर्फाने काठोकाठ भरला, की पेयासाठी साधारण निम्मी जागा उरते, आणि त्यात ६० मिलिलिटर मद्य व ११०-१२० मिलिलिटर सोडा बरोबर बसतो. ग्लास याहून मोठा घेतला, तर सोडा नकळत जास्त पडतो आणि पेय पांचट होते. अरुंद ग्लासात बर्फाचे खडे एकावर एक रचून राहतात आणि सोड्याचे बुडबुडे अधिक काळ टिकतात. रुंद ग्लासात बर्फ वर तरंगतो आणि खालचे पेय लवकर निवळते.

हा ग्लास निवडताना कंजूषी करू नये असे मला मनापासून वाटते, कारण घरात सर्वांत जास्त वापरला जाणारा ग्लास हाच असतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पन्हे, कोकम सरबत, लिंबू सोडा यांसाठीही हाच बाहेर येतो, आणि बैठकीत न पिणाऱ्या काकूंच्या किंवा आजोबांच्या हातातही इतरांसारखाच सुंदर ग्लास असतो. यजमानाने एवढे भान ठेवायलाच हवे. द्राक्षांच्या हंगामात काळी द्राक्षे धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली, तर ती या ग्लासात बर्फासोबत टाकता येतात. पेय थंड राहते आणि पाणी सुटत नाही.

वाइनचे ग्लास कामाला येतात

वाइनचे ३५० ते ४५० मिलिलिटरचे ग्लास घरात असतील, तर सांग्रिया (फळे घातलेली वाइन) आणि स्प्रिट्झ (वाइन व सोडा) यांच्यासाठी वेगळे काहीही घेऊ नये. जिन आणि टॉनिकसाठी स्पेनमध्ये वापरतात तो फुग्यासारखा मोठा ग्लासही या ग्लासांमुळे टाळता येतो. स्पार्कलिंग वाइन घालून केलेल्या पेयांसाठी मात्र निवड थोडी विचाराने करावी. कूपमध्ये ती दिसते देखणी, पण रुंद पृष्ठभागातून वायू लवकर निघून जातो. उभट फ्लूटमध्ये बुडबुडे टिकतात, पण वास नाकापर्यंत येत नाही आणि आतून धुणे जिकिरीचे होते. मधे किंचित फुगलेला आणि वर निमुळता होणारा ट्यूलिप आकार या दोहोंमधला मार्ग आहे. इथल्या स्पार्कलिंग वाइनची बाटली घरी नेहमी उघडत असेल तर चार ट्यूलिप घ्यावेत. वर्षातून एकदा उघडत असेल, तर साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास पुरेसा आहे.

हरिकेन, मार्गारिटासाठीचा दुमडलेल्या वाटीचा ग्लास, टिकी मग हे सर्व नंतर हौस म्हणून घ्यावेत. मार्गारिटा कूपमध्येही होते आणि बर्फ घालून व्हिस्कीच्या ग्लासातही होते, फक्त काठावर मीठ नीट बसेल एवढा काठ रुंद असावा.

तांब्याचा मग घेताना

तांब्याच्या मगविषयी नाशिककरांना विशेष सांगावेसे वाटते, कारण तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वीपासून ओळखले जाते आणि भांडी बाजारात असे मग आता सहज दिसतात. हा मग मॉस्को म्यूलसाठी लागतो. नाव रशियन असले तरी हे पेय १९४० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाले. त्यात व्होडका, लिंबाचा रस आणि जिंजर बीअर, म्हणजे आल्याचे फेसाळ पेय, असते. तांबे उष्णता झटकन वाहून नेते, त्यामुळे मग हातात धरताच बोटांना गार लागतो आणि बाहेरून दवासारखे थेंब धरतो. त्या स्पर्शाचे सुख खरे आहे.

अडचण लिंबाची आहे. आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागला की तांबे त्यात उतरते. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या आदर्श नियमावलीत ६ पेक्षा कमी सामू (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) असलेल्या पदार्थांशी तांब्याचा संपर्क येऊ देऊ नये असे म्हटले आहे, आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. आपल्या आजीला हे कोणत्याही नियमावलीवाचून माहीत होते: बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हे तिने घरातल्या प्रत्येकाला बजावलेले असे. तोच नियम कॉकटेललाही लागू होतो. म्हणून मग आतून स्टीलचा किंवा निकेलचा मुलामा असलेला, किंवा कल्हई केलेला घ्यावा. दुकानात मग उजेडाकडे धरून आत पाहावे. आतील भाग ओठ टेकतात त्या काठापर्यंत पांढरा, चंदेरी दिसला पाहिजे. कल्हई वापराने झिजते, आणि आत लालसर तांबे डोकावू लागले की पुन्हा कल्हई करून घ्यावी. आतून पूर्ण तांब्याचाच मग मन मोहवीत असेल, तर तो साध्या पाण्यासाठी ठेवावा.

काचेचा प्रकार आणि दुकानातली पारख

बहुतेक ग्लास सोडा-लाइम काचेचे असतात, आणि रोजच्या वापराला ते उत्तम आहेत. टफन केलेली काच, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेली, आघात अधिक सोसते आणि फुटलीच तर तिचे लहान तुकडे होतात. ज्या घरात मुले आहेत तिथे हायबॉल या काचेचे घ्यावेत. बोरोसिलिकेट काच तापमानातील फरक सोसते, त्यामुळे हिवाळ्यात गरम पाणी, मध आणि रम घालून पेय करायचे असेल तर ती उपयोगी पडते. एरवी तिची गरज पडत नाही.

क्रिस्टलच्या बाबतीत एक गोष्ट विचारूनच घ्यावी. पारंपरिक लेड क्रिस्टलमध्ये शिशाचे ऑक्साइड २४ टक्के किंवा त्याहून अधिक असते. अशा काचेच्या डिकँटरमध्ये, म्हणजे मद्य ओतून ठेवायच्या सुरईत, मद्य दिवसेंदिवस साठवले, तर शिसे त्यात हळूहळू उतरते. म्हणून तो साठवणीसाठी मुळीच वापरू नये. आता शिसेविरहित क्रिस्टल सर्रास मिळते, ते तेवढेच चमकदार असते आणि त्याचा काठही तेवढाच पातळ करता येतो. वडिलांच्या वेळचे कट ग्लास कपाटात असतील आणि त्यांची काच कोणती हे ठाऊक नसेल, तर ते पेयासाठी वापरण्याऐवजी शोभेसाठी मांडावेत.

भांडी बाजारातल्या एका वयस्क दुकानदारांनी मला ग्लास पारखायला शिकवले. त्यांनी ग्लास काउंटरच्या काचेवर ठेवला आणि काठावर बोटाने हलकेच दाब दिला. तो डुगडुगला, तसा त्यांनी तो निमूटपणे बाजूला काढला. दुसरा उचलून त्यांनी दांडीला धरला, नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. अखंड ग्लासाचा नाद स्वच्छ आणि लांबतो. चीर असलेला ग्लास बद्द वाजतो. मग त्यांनी करंगळीचे टोक काठावरून पूर्ण फिरवले, कारण डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो. शेवटी दांडी जिथे वाटीला आणि तळाला जोडली जाते तिथे बुडबुडा किंवा दुधी रेघ आहे का, हे त्यांनी उजेडात पाहिले. सहा ग्लासांच्या खोक्यातले सहाही असे तपासून घेण्यात पाच मिनिटे जातात आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मी एकदा खोके न उघडता घरी आणले होते, आणि त्यातल्या दोघांच्या काठांना टवके निघाले.

खोक्यावर लिहिलेले माप काठोकाठ भरलेल्या ग्लासाचे असते, हेही ध्यानात असू द्यावे. त्यातून बोटभर जागा वजा करून हिशेब करावा.

संख्येबाबत सांगायचे तर, हायबॉल सहा, व्हिस्कीचे सहा आणि कूप चार एवढ्यावर सुरुवात करावी. एका शेकरमध्ये एका वेळी दोनच पेये नीट होतात, त्यामुळे कूपची संख्या कमी असली तरी अडत नाही. संच घेण्यापेक्षा सुटे मिळणारे आणि पुढेही मिळत राहतील असे साधे आकार निवडावेत, कारण ग्लास फुटतातच आणि त्या वेळी जोडीला तसाच मिळायला हवा. शक्य असेल तर आधी प्रत्येकी एकच आणावा, आठवडाभर वापरावा, फ्रीजच्या कप्प्यात मावतो का आणि भांडी घासताना हात आत जातो का ते पाहावे, आणि मग बाकीचे घ्यावेत.

थंड करणे, धुणे, ठेवणे

नाशिकच्या उन्हाळ्यात कपाटातला ग्लासही कोमट असतो, आणि शून्याच्या आसपास थंड केलेले पेय त्यात ओतले की ते लगेच काही अंशांनी तापते. म्हणून कूप वापरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा, किंवा पेय ढवळत असताना त्यात बर्फ आणि पाणी भरून ठेवावे. फ्रीजरमधून काढलेला ग्लास गरम पाण्याखाली कधीही धरू नये. सोडा-लाइम काच त्याने तडकते.

ज्या इमारतीत बोअरचे पाणी येते, तिथे ग्लासांवर पांढुरके डाग धरतात. ते क्षारांचे असतात आणि साबणाने जात नाहीत. पाण्यात व्हिनेगर मिसळून ग्लास त्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत, मग स्वच्छ पाण्याने धुवावेत. साबणाचा अंश मुळीच राहू देऊ नये, त्याने फेस मरतो. पुसायला जुने, अनेकदा धुतलेले सुती धोतर किंवा पंचा नव्या टॉवेलपेक्षा चांगला, कारण त्याचे तंतू काचेला चिकटत नाहीत. दांडीचा ग्लास पुसताना एका हाताने वाटी आणि दुसऱ्या हाताने तळ धरून पिळू नये. बहुतेक दांड्या अशाच तुटतात. वाटी पुसताना वाटीच धरावी, तळ पुसताना तळ.

ग्लास उपडे ठेवण्याची आपली सवय धुळीमुळे पडलेली आहे, पण काठ हा ग्लासाचा सर्वांत नाजूक भाग असतो, आणि उपड्या ग्लासात फळीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडून राहतो. तो वास पहिल्याच घोटात जिनच्या वासावर मात करतो. म्हणून ग्लास सुलटेच ठेवावेत, वरून एक धुतलेला मलमलचा तुकडा पसरावा, आणि आठवड्याहून अधिक काळ न वापरलेला ग्लास बैठकीपूर्वी साध्या पाण्याने विसळून घ्यावा.